शताब्दी आणि उसनी धून

१६ ऑक्टोबर १९२३ रोजी स्थापन झालेल्या डिस्ने संस्थेने शताब्दीनिमित्त नोव्हेंबर २०२३मध्ये ‘विश’ हा अ‍ॅनिमेशनपट पडद्यावर आणला. १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ घडवणाऱ्या संस्थेकडून काही भव्य मिळेल, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. पदरी पडली ती निराशा.

मूळ कल्पनेत मात्र दम होता. रोसास राज्यातील प्रजा वयाच्या अठराव्या वर्षी आपली सर्वांत प्रिय इच्छा मॅग्निफिको राजाच्या हवाली करते आणि ती काय होती हेच विसरून जाते. राजा मोजक्या इच्छा पुऱ्या करतो. उरलेल्या त्याच्या महालात बंदिस्त. नायिका आशा हिच्या शंभर वर्षांच्या आजोबांची इच्छा एवढीच, की पुढच्या पिढीला प्रेरणा देईल असे काही निर्माण करावे. राजाला नेमकी तीच धोक्याची वाटते! स्वप्ने सत्तेच्या स्वाधीन करून निश्चिंत झालेला समाज, हा विषय लहानथोरांना एकत्र विचार करायला लावणारा होता. परंतु आकाशातून तारा उतरतो, करडू बोलू लागते आणि सात बुटक्यांची आठवण यावी म्हणून आशाभोवती सात मित्र उभे केले जातात. जुन्या चित्रपटांच्या अशा खुणा ओळखण्यातच प्रेक्षकाने धन्यता मानावी, असा निर्मात्यांचा समज दिसतो. सहा वर्षांच्या मुलाला त्याचे काय सोयरसुतक?

सर्वाधिक खटकते ते श्रेयनामावलीनंतरचे दृश्य. आजोबांच्या तंतुवाद्यातून अखेर सूर उमटतात. तेही १९४०च्या ‘पिनोकिओ’तील गाण्याचे, संस्थेची ओळख बनलेल्या धूनेचे. आजोबांसाठी एक नवी चाल रचणारा संगीतकार एवढ्या मोठ्या संस्थेला मिळाला नाही काय?