बेडसे, पण दहाच्या आत
मे महिन्यात लोणावळ्याकडे येणारी गाडी ‘थंड हवेचं ठिकाण’ या भरवशावर सुटते; मावळातलं ऊन त्याला दाद देत नाही. बेडसे लेण्यांचंच बघा. कार्ले-भाजे इतकी गर्दी नाही म्हणून लोक मुद्दाम इकडे वळतात, तेही जेवणं उरकून, भर दुपारी. सुमारे 400 पायऱ्या, सावली नावापुरती, आणि तापलेला दगड खालून वेगळाच भाजतो. खरं तर इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या या चैत्यगृहाचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं कोवळं ऊन थेट आत शिरतं, व्हरांड्यातले उंच खांब उजळतात आणि वर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी, त्यांच्या अंगावरचे दागिनेसुद्धा, स्वच्छ दिसतात. प्रकृतीला जे बरं तेच डोळ्यांनाही. सातला चढायला लागा, दहाच्या आत खाली या. माणशी दोन लिटर पाणी आणि डोक्याला टोपी हवीच. (रिकाम्या बाटल्या परत आणा, हेही सांगावं लागतं.) कुणाला चक्कर, मळमळ वाटली, बोलणं असंबद्ध झालं, तर फोटो राहू द्या, लेण्याच्या सावलीत आडवं करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. उतरल्यावर अंगाची लाही झाली म्हणून पवना धरणात मात्र उतरू नका. तिथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या उन्हाळ्यातही येत राहतात.