गळवाला आणि पोहणारा

वऱ्हाडचा लौकिक कापसावरून आहे, पाण्यावरून नव्हे. पावसाळा सरला कीं आमच्या बहुतेक नद्यांचीं पात्रें रोडावतात, आणि वैशाखांत पाहावें तों पाणी उरतें तें पूर्णेच्या एखाद्या डोहांत, गांवच्या तलावांत किंवा धरणाच्या जलाशयांत. जेथें पाणी थोडें, तेथें त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. त्याच काठावर गुरें येतात, धुणीं येतात, गळ टाकून तासन् तास बसणारे येतात, आणि शाळेस सुटी लागली कीं पोहणाऱ्या मुलांचे थवेही येतात. इतरांचें एकमेकांशीं कसेंबसें जमतें. परंतु गळवाला व पोहणारा ह्यांचें मात्र हटकून वाजतें. एक म्हणतो, "ह्या पोरांनीं मासे पळविले", दुसरा म्हणतो, "ह्यांचा गळ आमच्या पायांत शिरला." सकृद्दर्शनीं हा वाद क्षुल्लक दिसतो. आमच्या मतें तो तसा नाहीं. कारण ह्यांत एकाची भाकरी आणि दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो.

प्रथम दोहों पक्षांची बाजू पाहूं. गळ टाकणें हा आळशी मनुष्याचा उद्योग, असें समजणारांनीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आठवावा. बाराव्या शतकांतील ह्या ग्रंथांत 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, व त्यांत माशांच्या जाती, आमिषें, काठी आणि दोरी ह्यांचा विचार केलेला आहे. इंग्रजांचा ह्या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथकार आयझॅक वॉल्टन ह्याचें पुस्तक निघालें तें १६५३ सालीं, म्हणजे त्यानंतर पांचशें वर्षांनीं. शिवाय आमच्या भोई बांधवांस मासा हा विनोदाचा नव्हे, पोटाचा विषय आहे. उलट पक्षीं, पोहणें हाही उनाडपणा नव्हे. १९१४ सालीं अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें ह्या प्रांतांत शरीरसंवर्धनाची जी आवड रुजविली, तिला साजेसाच हा व्यायाम आहे. आणि ज्यास पोहतां येतें तो प्रसंगीं स्वतःचा जीव वांचवूं शकतो.

आतां अपाय कसा होतो तें पाहूं. गळाच्या टोंकास उलटा कांटा असतो. त्यामुळें तो आंत सहज शिरतो, पण मागें ओढला तर मांस फाडतो. पूर्वीची सुताची दोरी कालांतरानें कुजून जाई. आजचा नायलॉनचा तंतु पाण्यांत दिसत नाहीं, कुजत नाहीं, आणि पायास वेढा बसला तर हातानें तुटतही नाहीं. पाण्यांत उभीं लावलेलीं जाळीं तर याहूनही घातक, कारण त्यांत अडकलेला मनुष्य जितका धडपडतो तितका अधिक गुंततो. गळवाल्याची तक्रारही खोटी नाहीं. ध्वनि हवेपेक्षां पाण्यांत चौपटीहून अधिक वेगानें जातो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवर जी रेघ दिसते ती पाण्याचा लहानसा हेलकावाही टिपणारें इंद्रिय आहे. दहा मुलांनीं एकदम उड्या मारल्या कीं त्याची सकाळ वायां गेलीच म्हणून समजावें.

मग मार्ग कोणता? कोणी म्हणतील, एकास बंदी करावी. धरणांवर व इतरत्र जेथें पाण्यांत उतरण्यास मनाई आहे, तेथें प्रश्नच उरत नाहीं. ती मनाई पाळलीच पाहिजे. परंतु गांवच्या डोहावर एकास हांकून दुसऱ्यास राज्य देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. जागा आणि वेळ वांटून घेणें हेंच उत्तम. उथळ, स्वच्छ तळाची, घाटाजवळची जागा पोहणारांची असावी. लव्हाळ्याची, कपारीची, खोल पाण्याची जागा मासे धरणारांची. मासाही तेथेंच राहतो, आणि मुलांनीं तेथें जाऊंही नये. ज्याची दोरी आधीं पाण्यांत पडली असेल, त्याच्या समोर पोहणारानें उतरूं नये. जाळें लावणारानें वर ठळक खूण तरंगत ठेवावी.

तरीही दोघांवरील जबाबदारी सारखी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पोहणाऱ्यास दोरी दिसत नाहीं. गळवाल्यास पोहणाऱ्याचें डोकें दिसतें. ज्याच्या हातीं तीक्ष्ण वस्तु आणि ज्याची दृष्टि मोकळी, त्याचें कर्तव्य अधिक. म्हणून फेंकीच्या टप्प्यांत कोणी पोहत असेल तर गळ फेंकूं नये, आणि फेंकण्यापूर्वीं मागें वळून पाहावें. इतकें करूनही गळ कोणाच्या अंगांत रुतलाच, तर ओढूं नये. दोरी कापून जखमी माणसास डॉक्टरकडे न्यावें व धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी.

मुलांनींही एक गोष्ट विसरूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं. बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाहीं. श्वास घेण्यापुरतेंही तोंड ज्याचें पाण्याबाहेर राहत नाहीं, तो हांक कशी मारणार? अकोला जिल्ह्यांतील पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन पथकासारखीं पथकें मोलाचें कार्य करितात. पण बुडणें हा मिनिटांचा खेळ आहे, आणि पथकास वाट चालून यावें लागतें. तेवढ्या वेळांत जो काठावर हजर असतो, तो बहुधा गळवालाच. पाण्यावर तरंगणाऱ्या पिसाकडे टक लावून पाहण्याची त्याला संवय असते. पाण्यांतला फरक त्याच्याच डोळ्यांस आधीं दिसतो. त्याच्या हातीं लांब काठी असते व पिशवींत दोरी असते. पाण्यांत उडी न घेतां, काठावरूनच काठी पुढें करणें किंवा दोरी टाकणें हा बुडत्यास वांचविण्याचा सर्वांत निर्धोक उपाय होय. ज्या मनुष्याशीं आपण सकाळीं भांडलों, तोच दुपारीं आपला तारणहार ठरूं शकतो.

शेवटीं एक सूचना. तुटलेला तंतु व जुने गळ काठावर टाकून जाण्याची वाईट खोड सर्वत्र दिसते. त्यांत पक्ष्यांचे व गुरांचे पाय गुंततात, अनवाणी मुलांचे पाय फाटतात. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हातीं खराटा घेऊन गांवोगांव झाडलें. त्यांच्या ह्या प्रांतांत आपण निदान आपला डोह झाडूं नये काय? विद्यार्थ्यांनीं सुटींतील एक दिवस ह्या कामास द्यावा, पालकांनीं त्यांच्यासोबत यावें, आणि काठावर बसलेल्या गळवाल्यासही आदरानें हांक मारावी. एकत्र केर काढणारीं माणसें पुढें एकाच पाण्यावरून भांडत बसतील, असें आम्हांस वाटत नाहीं.