प्रशिक्षकाच्या शोधात

जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेड या फुटबॉल क्लबने हंगाम अर्ध्यावर असताना स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना निरोप दिला. संघ जिंकायचं विसरला होता. तात्पुरती सूत्रं सहायक प्रशिक्षक खालिद जमील यांच्याकडे आली. करोनामुळे सगळी इंडियन सुपर लीग (आयएसएल) गोव्यातल्या रिकाम्या मैदानांवर चालली होती. तिथे या संघाने उरलेल्या साखळीत एकही सामना गमावला नाही आणि उपांत्य फेरी गाठली. मग त्याच वर्षी जमील या स्पर्धेतले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले.

जमील मुंबईच्या मैदानांवर खेळले, मुंबई एफसीला त्यांनी अनेक वर्षं घडवलं, आयझॉल एफसीला 2016-17 ची आय-लीग जिंकून दिली. एवढं असूनही मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली ती अडचणीच्या वेळी. हे आम्हाला खटकतं. 2025 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हाही भारतीय फुटबॉल संकटातच होता.

म्हणून हा अंक डावपेचांचा नाही, निवडीचा आहे. हरणारा संघ नवा माणूस कसा शोधतो? त्याला वेळ किती देतो? खेळाडू निवडायचा अधिकार कोणाकडे ठेवतो? परदेशी नावाचं वलय आणि घरच्या माणसाची ओळख यांत पारडं कुठे झुकतं, हे आम्ही तपासलं आहे.

कोल्हापूरच्या तालमींपासून गोव्याच्या गावोगावच्या क्लबांपर्यंत अनेक वाचक स्वतः संघ चालवतात. तुम्ही प्रशिक्षक कसा निवडता, ते आम्हाला सविस्तर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.