ब्लॉक आहे, पण अडलंय का?

‘साठ टक्के ब्लॉक!’ बाबांचा सीटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला आणि घरात एकदम सन्नाटा. मग फोनवर फोन. काका म्हणाला, ‘स्टेन्ट टाकून मोकळे व्हा.’ डॉक्टर मात्र कूल! ‘रस्ता किती अरुंद झालाय ते फोटोत दिसतं. पलीकडे रक्त नीट पोचतंय का, ते कळत नाही.’

मग मनगटातून बारीक वायर थेट हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन ब्लॉकच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर मोजलं. आकडा आला ०.८६. म्हणजे पलीकडे ८६ टक्के प्रेशर शाबूत. साधारण ०.८० किंवा त्याखाली गेलं, तरच स्टेन्टचा विचार. बाबा गोळ्यांवर सुटले.

पण ती वायर आत जाताना बाहेर आईचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून नंतर जे वाचलं, त्याने मी चाटच पडले. वायर न घालताही हा आकडा काढता येतो! स्टॅनफर्डचे चार्ल्स टेलर आणि सर्जन ख्रिस्तोफर झारिन्स यांनी २००७ मध्ये ‘हार्टफ्लो’ कंपनी काढली. पेशंटच्या सीटीवरून त्याच्याच रक्तवाहिन्यांचं थ्रीडी मॉडेल बनवायचं आणि त्यातून कॉम्प्युटरवर रक्त वाहवायचं. गणित तेच, विमानाच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेचं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याला मान्यता दिली. अर्थात कॅल्शियम खूप साचलं असेल तर सीटी धूसर येतो, आणि आकडा काठावरचा असेल तर वायर लागतेच.

या सिम्युलेशनमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. मला वाटायचं, रक्त जोरात आपटतं तिथेच प्लाक साचत असेल. साफ चूक! तो धरतो वळणांवर, फाट्यांवर. जिथे प्रवाह मंदावतो, भोवऱ्यात घुटमळतो. रक्तवाहिनीच्या अस्तराला भरभर वाहणारं रक्तच मानवतं. कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, सिगारेट यांचा हातभार असतोच. म्हणूनच कुणाचा प्लाक किती वाढेल, हे सांगणं कॉम्प्युटरलाही अजून जड जातं.

वळणं आणि फाटे तर आपल्या सगळ्यांच्याच आत आहेत, बॉस. ते बदलता येत नाहीत. प्रवाह मात्र वाढवता येतो, कारण चालायला लागलं की रक्तही पळायला लागतं. बाबा आता रोज संध्याकाळी चालायला जातात. दहा तास खुर्चीला चिकटलेली मीही निमूटपणे त्यांच्या मागे.