परदेशाचा निरोप आणि स्वदेशप्रीति

परदेशीं पांच-सात वर्षें काढून परत येणाऱ्या मनुष्याकडून आपला सुशिक्षित समाज एकाच भावनेची अपेक्षा करतो. स्वदेशीं पाऊल ठेवतांच त्यानें धन्यता मानली पाहिजे. तिकडचें बिऱ्हाड मोडतांना डोळे पाणावले असें तो चुकून बोलला, कीं ‘पक्का साहेब झाला’ हा शेरा तयारच! परिणाम असा होतो कीं, बिचारा आपल्याच घरीं खोटें बोलूं लागतो, आणि त्यानें तिकडे खरोखर काय पाहिलें हें आपणांस कधींच कळत नाहीं.

स्वदेशप्रीति ही कांहीं तिजोरींतील रक्कम नव्हे, कीं दुसरीकडे दिलेला रुपया येथें कमी भरावा. सासरीं निघालेली मुलगी रडते, म्हणून तिला सासर नको आहे असें कोणी म्हणतो काय?

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास व १८८६ सालीं तेथून अमेरिकेस गेल्या आणि १८८९ सालीं परतल्या. त्याच सालीं त्यांचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक निघालें. त्यांत अमेरिकेंतील स्त्रीशिक्षणाची मोकळ्या मनानें केलेली स्तुति आहे. तेथील मूळच्या रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाचा निषेधहि आहे. त्याच वर्षीं ११ मार्च रोजीं मुंबईंत विधवांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं शारदासदन उघडलें, त्याला आधार अमेरिकेंतील मित्रमंडळींच्या पैशाचा होता. परदेशाविषयींचा जिव्हाळा स्वदेशाच्या कामीं येतो तो असा.

यावर कोणी म्हणेल, परदेशाची ओढ राहिलेला मनुष्य येथें रमत नाहीं, ऊठसूट तुलना करीत बसतो. असे लोक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो दोष एकेरी भावनेचा आहे, संमिश्र भावनेचा नव्हे. ज्यानें तिकडचें केवळ वैभव पाहिलें तो येथें कुरकुरतो; ज्यानें तेथील गुण व दोष दोन्ही पाहिले, तो येथील गुणदोषहि निवळ दृष्टीनें पाहूं शकतो.

तेव्हां परत आलेल्यास ‘आलांत, बरें झालें’ असें अवश्य म्हणावें. पण ‘तिकडे काय सोडून आलांत?’ असेंहि आपुलकीनें विचारावें. जो अनेक वर्षांच्या बिऱ्हाडांतून कोरड्या डोळ्यांनीं निघूं शकतो, तो येथें तरी मनानें राहील, याची हमी कोणीं द्यावी?