"बोलेल हो, पोरगे उशिराच बोलतात!"

हे वाक्य मी स्वतः बोललोय. म्हणून आज लिहितोय.

भाचा सव्वा वर्षाचा होता तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, हा हाक मारली की बघतच नाही रे. पण मिक्सर लावला की कानावर हात ठेवतो. म्हणजे ऐकू तर येतंय." मी बातमी टाइप करत होतो. म्हणालो, "अगं बोलेल. पोरगे उशिराच बोलतात." झालं. पत्रकार भाऊ बोलला म्हणजे विषय संपला!

सासूबाई म्हणाल्या, याचा बापही चार वर्षांनी बोलला. शेजारीण म्हणाली, जीभ जड असेल. डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे, थांबू थोडं. तोवर "मम" आणि "पाणी" हे दोन शब्द येत होते, तेही गेले. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालं तेव्हा पोरगं पाच वर्षांचं. तेही शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हा वर्गात बसत नाही, दाखवून आणा," म्हणून.

आईला शंका आल्यापासून कागदावर नाव यायला पावणेचार वर्षं गेली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जाणकार डॉक्टरला साधारण दोन वर्षांच्या मुलात ऑटिझम ओळखता येतो. तरी अमेरिकेतसुद्धा निदानाचं सर्वसाधारण वय चार वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे आईला दिसतं लवकर, पण तिचं ऐकलं जातं उशिरा. मधली वर्षं मात्र मेंदूच्या वाढीची सगळ्यात वेगाची वर्षं असतात.

आता कुणी म्हणेल, काही मुलं खरंच उशिरा बोलतात. बरोबर आहे. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल हाकेला वळून बघतं, चांदोबाकडे बोट दाखवतं, हवं ते खुणेनं मागतं. वर्षाचं मूल नावाला ओळख देत नसेल, दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबायचं नाही. आधी कान तपासायचे, मग विकासाची तपासणी करायची. निघालं नाही काही तर पेढे वाटा!

सरकारी व्यवस्था नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते, त्यात विकासातला उशीरही बघायचा असतो. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. पण गोम अशी आहे की अंगणवाडीत रोज बसतं ते तीन वर्षांपुढचं पोर. दीड वर्षाचं पोर घरी, आजीच्या मांडीवर. मग पथकाला ते दिसणार कसं?

माझं म्हणणं साधं आहे. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतो. त्या दिवशी आई, मूल, नर्सताई आणि आशाताई एका जागी असतात. तिथेच आईला चार प्रश्न विचारा. हाकेला बघतो का? बोट दाखवतो का? खोटं-खोटं जेवू घालण्यासारखे खेळ खेळतो का? येत असलेलं काही विसरला का? पाच मिनिटांचं काम आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. आपण ते कार्ड फक्त लसीची तारीख बघायला उघडतो.

(आणि लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा कृपया इथे आणू नका. तसं सुचवणारा 1998 चा लेख छापणाऱ्या 'लॅन्सेट'नेच 2010 मध्ये मागे घेतला.)

तज्ज्ञ कमी आहेत, मान्य. पण बोलण्याची, खेळण्याची थेरपी सुरू करायला अंतिम शिक्क्याची वाट बघावी लागत नाही. "शिक्का बसेल" ही भीतीही मला कळते. पण नाव न देता ठेवलेल्या पोराला गाव "येडं" म्हणतंच की. त्यापेक्षा निदान बरं.

शंका असेल तर मोबाईलवर मुलाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात दहा मिनिटांत जे दिसत नाही ते त्यात दिसतं. आणि आईला "तू फार विचार करतेस" म्हणू नका. तुझ्याचमुळे झालं, असं तर अजिबात म्हणू नका.

भाचा आता आठ वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा बहीण त्याला एसटीनं जिल्ह्याला थेरपीला नेते. थोडं बोलतो, स्वतःच्या हातानं जेवतो. मध्ये एकदा बहीण म्हणाली, "दादा, तेव्हा तू एकदा तरी म्हणायचंस, दाखवून ये म्हणून." रागानं नाही, सहज म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या घरात कुणी असं विचारलं तर "बोलेल हो" म्हणू नका. "चल, मी पण येतो, दाखवून येऊ" म्हणा.

पटलं तर शेअर करा. विशेषतः घरातल्या फॅमिली ग्रुपवर.