पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा रोबो



दशलक्षण पर्वाच्या आठवडाभर आधी आमच्या घरी एक बैठक होते. दहा दिवसांसाठी कोण कोणता नियम घेणार, हे प्रत्येकाने सर्वांसमक्ष सांगायचे, ही माझ्या आईच्या काळापासूनची पद्धत. गेल्या वेळी सूनबाईने चहा सोडला, चिरंजिवांनी रात्रीच्या बातम्या सोडल्या आणि मी दुपारची झोप सोडली (पर्व संपल्यावर ती व्याजासह वसूल केली, हा भाग वेगळा). सातवीत शिकणाऱ्या नातवाने बटाट्याचे वेफर्स सोडल्याचे जाहीर केले. त्यावर त्याची आई म्हणाली, "ते तर पर्वात घरात येतच नाहीत. मोबाइलवरचा तुझा तो गोळीबार सोड."

"त्यात हिंसा कुठे आहे? ते रोबो आहेत. रोबोला जीव नसतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आजोबा, पाठशाळेत ताईंनी हिंसेचे चार प्रकार शिकवले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. समोरचा रोबो आधी गोळी झाडतो. म्हणजे झालीच तर ती विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, असे ताईच म्हणाल्या."

बैठक तिथेच थबकली. उत्तर उद्धटपणाचे नव्हते आणि प्रश्नही बाळबोध नव्हता. व्हाउचर पाहिल्यावाचून सही करायची नाही, ही बँकेतील नोकरीची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून निर्णय राखून ठेवला आणि पुढचे काही दिवस वडाळे तलावाकाठी भरणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या कट्ट्याला दांडी मारून नातवाशेजारी बसलो.

तो खेळतो त्या जातीचे अनेक खेळ आहेत. त्यांपैकी बहुधा सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'वॉर रोबोट्स'. पिक्सॉनिक या मूळच्या रशियन कंपनीने तो २०१४ मध्ये आणला. सहा खेळाडूंचा एक गट दुसऱ्या सहांच्या गटाशी लढतो. प्रत्येकाच्या ताब्यात दोन-तीन मजली इमारतीसारखा दिसणारा, चालता-बोलता नव्हे पण चालता-झाडता यंत्रमानव असतो. मैदानातील ठाणी काबीज करायची, समोरचे रोबो मोडायचे. डाव दहा मिनिटांच्या आत संपतो. माणूस दिसत नाही, रक्त दिसत नाही. धूर निघतो, ठिणग्या उडतात आणि यंत्र कोसळते.

अशा खेळांवर जाणकार समीक्षक गांभीर्याने लिहितात, हे मला या निमित्ताने कळले. त्यांचा पहिला आक्षेप अगदी व्यावहारिक आहे. काचेच्या पडद्यावर बटण नसते. डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्याने नेम धरायचा, आणि ज्या जागेकडे पाहायचे तीच जागा नेमकी अंगठ्याखाली झाकली जाते. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. माझा रोबो भिंतीकडे तोंड करून तीन मिनिटे उभा होता आणि त्या अवस्थेतच वीरगतीला प्राप्त झाला. आमच्या शाखेत पहिले लेजर पोस्टिंग मशीन आले तेव्हा वयस्क सहकारी म्हणत, "हाताला कळ लागत नाही, आकडा गेला की राहिला ते समजत नाही." त्या यंत्राला निदान कळा तरी होत्या! ही अडचण ओळखून काही निर्मात्यांनी वेगळी वाट धरली. ऑस्ट्रेलियातील अपरकट गेम्सच्या २०११ मधील 'इपॉक' या खेळात नायकच रोबो आहे. त्याला मोकळे हिंडवायचे नसते. पडद्यावरून बोट सरकवले की तो एका आडोशामागून दुसऱ्या आडोशामागे जातो आणि शत्रूवर बोट टेकवले की तिकडे गोळ्या झाडतो. इतर अनेक खेळांत नेम यंत्रच धरते. खेळणाऱ्याचे कौशल्य मग उरते कशात, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

दुसरा आक्षेप मात्र माझ्या व्यवसायातला निघाला, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

हे खेळ फुकट मिळतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा ताळेबंद नेहमी पाहावा. 'वॉर रोबोट्स'मध्ये चांदी आणि सोने ही चलने आहेत. चांदी खेळून मिळते. सोने खेळून थोडेथोडके मिळते आणि खऱ्या पैशाने हवे तेवढे विकत घेता येते. रोबोची ताकद वाढवायला आधी चांदी लागते आणि मग वेळ लागतो. वरच्या पायऱ्यांवर ही प्रतीक्षा लांबत जाते. ती नको असेल तर सोने द्यायचे. म्हणजे विक्रीला ठेवलेला माल रोबो नव्हे, मुलाची अधीरता आहे. आधी प्रतीक्षा निर्माण करायची आणि मग तिच्यातून सुटका विकायची. ज्याने पैसे मोजले तो वरचढ ठरतो, ही या खेळाविषयीची जुनी आणि सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे.

आनंदमेळ्यात पैशांऐवजी कूपने का देतात, याचा विचार केला आहे का? दहाची नोट मोडताना हात अडखळतो, कूपन देताना अडखळत नाही. शिवाय शेवटी दोन कूपने उरतात आणि ती संपवायला आणखी तीन घ्यावी लागतात. पडद्यावरचे सोनेही असेच गठ्ठ्याने विकले जाते. मी पाहिलेल्या खात्यात नेहमी थोडे शिल्लक होते आणि हव्या त्या वस्तूला नेहमी थोडे कमी पडत होते. बँकेत अशी योजना मी मांडली असती, तर रिझर्व्ह बँकेने खुलासा मागवला असता.

"सरकारने असल्या खेळांवर बंदी घातली ना?" असे कट्ट्यावरील एका मित्रांनी विचारले. इथे अनेकांची गल्लत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रोबोच्या खेळातील सोने परत रुपयांत बदलता येत नाही. या खात्यात रक्कम जमा करता येते, काढता येत नाही. म्हणून तो जुगार ठरत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये, आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवले. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून केवळ तीन तास ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात धाव घेऊन 'पबजी' या गोळीबाराच्या खेळावर बंदी मागितली होती. मागणारा मुलगाच होता, हे मला विशेष वाटले. पण मी न्यायालय नाही, आजोबा आहे. माझ्यापुढचा प्रश्न हिंसेचा होता.

यशोधर राजाची कथा आपल्या बहुतेक घरांत ठाऊक आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये संस्कृतात 'यशस्तिलक' पूर्ण केले, जन्नाने १२०९ मध्ये कन्नडमध्ये 'यशोधरचरिते' रचले, आणि आपल्या काळात गिरीश कर्नाडांनी त्याच कथेवर नाटक लिहिले. दुःस्वप्नाच्या निवारणासाठी राजमाता चंद्रमती देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा नाकारतो. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. पिठाला कुठला जीव? तरीही माय-लेकांना त्या एका कृतीपायी पशुयोनीत जन्मामागून जन्म भोगावे लागतात, कारण कापण्याचा संकल्प खरा होता.

नातवाला कथा सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि विचारले, "पण राजाला कोंबडा मारायचा होता म्हणून त्याने पिठाचा मारला ना? मला कुणाला मारायचे नाही, जिंकायचे आहे. बुद्धिबळात तुम्ही माझा उंट मारता, तेव्हा काय?"

मी प्रामाणिकपणे सांगतो, मला तत्काळ उत्तर सुचले नाही. आणि इतक्या दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर मला क्रौर्य दिसले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. रोबो कोसळला की तो "अरे यार" म्हणे आणि दुसरा निवडी. संताप दिसला तो एकदाच. खांदा कॉलनीतील त्याच्या मित्राने वडिलांच्या पैशाने घेतलेला नवा रोबो आणला आणि याला दोन मिनिटांत बाहेर काढले, तेव्हा. तो संताप मारण्याचा नव्हता, मानभंगाचा होता. आणि डोळ्यांत एक निराळीच चमक येई ती सोने मोजताना. "आजोबा, आणखी साठ हवे," हे वाक्य मी किती वेळा ऐकले, याची गणती नाही.

ज्या खात्याची तपासणी करायला बसलो होतो, ते क्रोधाचे खाते जवळजवळ स्वच्छ निघाले. गडबड शेजारच्या दोन खात्यांत होती, मानाच्या आणि लोभाच्या. पिठाचा कोंबडा मला तिथे दिसला. रोबो खोटा, तोफ खोटी, सोनेही खोटे, पण ते मिळवण्याची तळमळ शंभर टक्के खरी. आपण पालक रोबोच्या बंदुकीकडे पाहून घाबरतो आणि त्याच पडद्याच्या कोपऱ्यात चकाकणाऱ्या सोन्याच्या आकड्याकडे आपले लक्षही जात नाही. त्याला मी एवढेच विचारले, "गोळ्या राहू देत, या साठाची वाट पाहणे दहा दिवस सोडता येईल का?" त्याने बराच विचार केला आणि नियम घेतला.

सहाव्या दिवशी तो माझ्या खोलीत आला. या खेळांत रोज हजेरी लावली की बक्षीस मिळते आणि सलग हजेरीने ते वाढत जाते. त्याची हजेरी तुटली होती, तरी रोजचे बक्षीस बुडू नये, असे त्याला वाटत होते. "नुसते उघडून बक्षीस घेतले आणि खेळलो नाही, तर नियम मोडतो का?" हा प्रश्न मी नोकरीत शेकडो वेळा ऐकला होता. खाते निष्क्रिय होऊ नये म्हणून दोन वर्षांत एकदा दहा रुपये भरले तर चालतील का, असे ग्राहक विचारत. त्यांना मी नियम वाचून दाखवी. याला म्हणालो, "नियम तू घेतला आहेस, अर्थही तूच लाव." तो गेला. फोन कपाटावर होता तिथेच राहिला.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी त्याने खेळ उघडला. हजेरी शून्यावर आली होती. पण पडद्यावर एक मोठी पेटी नाचत आली. 'परत आल्याबद्दल' भेट. आत रोजच्या बक्षिसाच्या कितीतरी पट सोने.

"आजोबा, रोज येणाऱ्याला कमी आणि सोडून गेलेल्याला जास्त?"

मला आमच्या ठेव संकलनाच्या मोहिमा आठवल्या. दुसऱ्या बँकेत गेलेल्या ठेवीदाराच्या घरी आम्ही डायरी आणि कॅलेंडर घेऊन जात असू. तीस वर्षांचा निष्ठावंत खातेदार तेव्हा काउंटरसमोर रांगेत उभा असे. हे त्याला सांगितले. तो हसला, त्याने पेटी उघडली, सोने घेतले आणि वीस मिनिटे खेळून फोन आईकडे दिला. वेफर्स त्याच संध्याकाळी घरात आले.